स्वतंत्र ब्लॉगवाले, पोर्टलवाले, यूट्यूबवाले: पत्रकार म्हणून मान्यता मागायची का? आणि मागायची तर कोणाकडे?

तालुकावार्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी आमच्या तालुक्याच्या राजकारणावर ब्लॉग लिहितो आणि त्याच नावाचं यूट्यूब चॅनेल चालवतो. पंचायत समिती, बाजार समिती, कारखान्याची सर्वसाधारण सभा, टँकरच्या फेऱ्या, वाळूचे लिलाव हे माझे विषय. जिल्हा आवृत्तीत यातलं फार थोडं छापून येतं. जे येतं तेही बऱ्याचदा प्रेसनोट जशीच्या तशी.

मागच्या निवडणुकीत मतमोजणी केंद्राच्या प्रवेशपत्रासाठी अर्ज केला होता. टेबलामागच्या साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वृत्तपत्र नाही, वाहिनी नाही, मग तुम्हाला कशात बसवू?" माझ्या मागे एका साप्ताहिकाचे संपादक उभे होते. त्यांचा अंक नेत्यांच्या वाढदिवसालाच निघतो. त्यांना पास मिळाला. साहेबांवर माझा राग नाही, त्यांच्या हातात जो नियम होता तो त्यांनी लावला. मला त्या नियमाबद्दलच बोलायचं आहे.

आता जिल्ह्यातले आम्ही काही जण संघटना काढतोय. एक गट म्हणतो, थेट माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून सरकारी मान्यता) मागू. दुसरा म्हणतो, आधी स्वतःची आचारसंहिता लिहू, ती पाळून दाखवू, मग मागण्या करू. मी दुसऱ्या गटात आहे. तुमचं मत हवंय, आणि आचारसंहितेत काय असावं तेही सांगा.

जुनी शाई

उभी हयात छापील दैनिकात गेली, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचा हेतू चांगला असेल, पण तुमच्या जमातीचं काय चाललंय ते बघा. बूमवर लोगो चिकटवायचा, रेशन दुकानात घुसायचं, मोबाईल चालू करायचा आणि "बातमी लावू की मिटवू?" असं विचारायचं. आमच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी आता दारावर पाटी लावली आहे की परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये. या लोकांच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र पडलं तर त्यांचा दर वाढेल, दुसरं काही होणार नाही.

बातमीदाराला मागे टोकणारा कोणीतरी लागतो. माझी कॉपी उपसंपादकाने कितीदा परत केली असेल! "हे कोण म्हणालं? कागद कुठाय? समोरच्याशी बोललास का?" हे प्रश्न तुम्हाला कोण विचारतं?

बांधावरचा

पाकीट छापीलवाल्यांनीच शोधून काढलं, जुनी शाई. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. उमेदवारांची पॅकेजं ठरत होती आणि एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून येत होता. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली, तिने नावानिशी अहवाल दिला आणि २०१० मध्ये कौन्सिलने तो पूर्ण अहवाल बाजूला ठेवून त्रोटक अहवाल पुढे केला. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. टोकणारे तेव्हाही होते ना?

जुनी शाई

होते, आणि गप्प बसले. त्याची चीड मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. म्हणूनच म्हणतो, ती घाण नव्या घरात नेऊ नका.

अ‍ॅड. मृणाल

कायद्याचं चित्र आधी मांडते, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्य असं वेगळं कलम नाही. १९४८ मध्ये घटना समितीत ही मागणी आली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं की वृत्तपत्राला नागरिकापेक्षा वेगळा, विशेष असा हक्क नाही. संपादक हाही नागरिकच, आणि तो लिहितो तेव्हा कलम १९(१)(क) खालचा स्वतःचा अभिव्यक्तीचा हक्क बजावत असतो. म्हणजे तालुकावार्ता, लिहिण्यासाठी तुम्हाला कोणाच्याही मान्यतेची गरज नाही. तुम्ही मागताय ते दोन वेगळे विषय आहेत, प्रवेश आणि संरक्षण.

संरक्षणाचं सांगते. महाराष्ट्रात माध्यमकर्मींवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. पण त्यातली माध्यमसंस्थेची व्याख्या नोंदणीकृत वृत्तपत्र, वृत्तवाहिनी, वृत्ताधारित इलेक्ट्रॉनिक माध्यम, वृत्तकेंद्र अशी आहे, आणि माध्यमकर्मी म्हणजे अशा संस्थेत नोकरीवर किंवा कंत्राटावर असलेला. एकट्याने चॅनेल चालवणारा माणूस त्यात बसवायचा तर वकिलाला बराच घाम गाळावा लागेल.

नोंदणीचं पाहा. १८६७ च्या कायद्याच्या जागी नियतकालिकांचा २०२३ चा कायदा आला, तो मार्च २०२४ पासून लागू आहे. त्यातही डिजिटल बातम्यांची नोंदणी नाही. आणि प्रेस कौन्सिलचा १९७८ चा कायदा फक्त वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता.

मग डिजिटलसाठी आहे काय? माहिती तंत्रज्ञानाचे २०२१ चे नियम. त्यात आचारसंहिता आहे, तक्रारीचे तीन स्तर आहेत आणि सगळ्यात वर सरकार बसलेलं आहे. त्यातल्या ९(१) आणि ९(३) या उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. याचिका 'द लीफलेट' आणि निखिल वागळे यांच्या होत्या. आचारसंहिता वाईट असते असं कोर्ट म्हणालं नाही. सरकारने ती सक्तीने लादण्यावर आक्षेप होता.

म्हणून माझा सल्ला असा की आचारसंहिता तुम्हीच लिहा. तुमच्या वतीने दुसऱ्या कोणी ती लिहिण्याआधी लिहा.

विदावेडी

मृणालताई, केंद्राच्या अधिस्वीकृतीचं राहिलं. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डिजिटल माध्यमांचा समावेश झाला, पण महिन्याला किमान १० लाख वेगवेगळे वाचक हवेत. आता तालुकावार्तांचा तालुका घ्या. साधारण तालुक्याची लोकसंख्या दोन-तीन लाख. पाळण्यातल्या बाळापासून वृद्धाश्रमापर्यंत प्रत्येकाने रोज ब्लॉग वाचला तरी अट पूर्ण होत नाही!

अशी अट घातली की कोण टिकतं? पंतप्रधान, क्रिकेट, सिनेमा यांवर ओरडणारे. टँकरच्या फेऱ्या मोजणारा बाहेर राहतो. वाचकांच्या संख्येवर मान्यता देणं म्हणजे स्थानिक पत्रकारितेला दार बंद करणं. राज्याकडे मागणी करायची तर हा मुद्दा पहिला ठेवा.

बांधावरचा

+१. आमच्या गावच्या सरपंचाच्या भानगडीत दहा लाख लोकांना रस असेल असं सरपंचालाही वाटत नसेल.

एडिसनकर

अमेरिकेतला अनुभव लिहितो, कारण इथे हे भांडण वीस वर्षांपूर्वीच सुरू झालं. २००५ मध्ये पहिल्यांदा एका ब्लॉगरला व्हाइट हाउसच्या पत्रकार कक्षाचा पास मिळाला, त्याचीही तेव्हा बातमी झाली होती. २००७ मध्ये उपाध्यक्ष चेनी यांचे सहकारी लिबी यांच्या खटल्यात ब्लॉगर्सच्या संघटनेने कोर्टाशी बोलून जागा मिळवल्या आणि सदस्यांनी आळीपाळीने बसून वार्तांकन केलं. तुमच्या संघटनेने ही युक्ती उचलावी. प्रत्येकाला कायमचं ओळखपत्र मागण्यापेक्षा एका प्रसंगापुरत्या दोन जागा संघटनेच्या नावावर मागा आणि आपसात वाटून घ्या.

पण दुसरी बाजूही आहे. सर्वोच्च न्यायालयावर लिहिणारा इथला अतिशय नावाजलेला ब्लॉग, त्याला २०१४ मध्ये सिनेटच्या पत्रकार गॅलरीने मान्यता नाकारली. त्याचे प्रकाशक स्वतः त्याच न्यायालयात वकिली करत होते, हे कारण. ही गॅलरी पत्रकारांचीच समिती चालवते, म्हणजे नाकारणारे व्यवसायबंधूच. मला तो निर्णय तेव्हा पटला नव्हता, पण त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता: तुझं पोट ज्याच्यावर चालतं त्याच्याबद्दलच तू लिहितोस का?

आणि ताजी गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसने पॉडकास्टवाल्यांसाठी, नव्या माध्यमांसाठी खास खुर्ची जाहीर केली. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांबरोबर कोणते पत्रकार जाणार हे ठरवण्याचं काम वार्ताहरांच्या संघटनेकडून काढून स्वतःकडे घेतलं. एका मोठ्या वृत्तसंस्थेने मेक्सिकोच्या आखाताला सरकारने दिलेलं नवं नाव वापरलं नाही म्हणून तिला दाराबाहेर ठेवलं ते त्याच सुमारास. सरकार खुर्ची देतं तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी काढून घेत नाही ना, हे आधी बघावं.

निळी दौत

मला या प्रश्नाकडे जरा मागून पाहायचं आहे.

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेव्हा त्यांच्याकडे कोणतं ओळखपत्र होतं? आज त्याच तारखेला आपण पत्रकार दिन साजरा करतो. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हाच्या प्रस्थापित माध्यमाने अशी वागणूक दिली म्हणून 'मूकनायक' कमी दर्जाचा ठरला का? मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवला तो नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून, शेतकऱ्यांसाठी. पुण्यामुंबईच्या संपादकांनी मान्यता देईपर्यंत ते थांबले नाहीत.

पण मान्यता नको म्हणजे शिस्तही नको असं मी म्हणत नाही. 'केसरी'चंच दुसरं प्रकरण बघा. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणाऱ्या मजकुराला ज्या पत्रांचा आधार होता ती पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू शंभर टक्के प्रामाणिक, महाराजांबद्दलची कळकळ खरी, आणि कागद खोटा. आज कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या पत्राचा फोटो पाठवतं, खाली सही-शिक्का असतो आणि आपण तासाभरात तो ब्लॉगवर टाकतो. टिळक-आगरकरांसारख्यांना जे भोवलं ते आपल्याला भोवणार नाही असं कशावरून?

जुनी शाई

निळी दौत, हे प्रकरण मी दर वर्षी नव्या मुलांना सांगायचो. आता तालुकावार्तांनी सांगावं, त्यांच्याकडे कागद येतो तेव्हा ते काय करतात?

तालुकावार्ता

सांगतो. एका ग्रामपंचायतीत पेव्हर ब्लॉकचं एकच काम दोनदा दाखवून बिल काढल्याची कुजबुज माझ्या कानावर आली. सांगणारा विरोधी पॅनेलचा, त्यामुळे त्याच्या शब्दावर एक ओळही लिहायची नाही हे तेव्हाच ठरवलं. आधी ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे खर्च काढले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 'मंदिर ते शाळा' आणि 'शाळा ते मंदिर' अशा दोन नोंदी सापडल्या, रक्कम जवळपास सारखी. पण दोन नोंदी म्हणजे भ्रष्टाचार असं होत नाही, रस्त्याच्या दोन कडांची दोन कामं असू शकतात. म्हणून माहिती अधिकारात दोन्हींची मोजमाप पुस्तिका मागितली. मुदतीत आली नाही, प्रथम अपील केलं, मग मिळाली. टेप घेऊन रस्ता मोजला. पुस्तिकेतली लांबी दोन्ही कामं मिळून जेवढी दिसत होती, त्याच्या निम्मा रस्ता जागेवर भरला.

मग ग्रामसेवक, शाखा अभियंता आणि सरपंच तिघांना लेखी प्रश्न पाठवले. सरपंचांनी उत्तर दिलं, ते पूर्ण छापलं. अभियंत्यांनी दिलं नाही, तेही छापलं. मोजमाप पुस्तिकेची पानं स्कॅन करून खाली जोडली, म्हणजे कोणालाही पडताळता येईल.

जुनी शाई, माझ्याकडे उपसंपादक नाही हे खरं. म्हणून वाचकाच्या हातात कागद देतो.

जुनी शाई

माझ्या हाताखाली असता तर पहिल्या पानावर घेतली असती. मनापासून लिहितोय.

कोकणकडा

संरक्षणाच्या मुद्द्यावर फार कमी बोललं गेलं, म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या राजापुरात शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. रिफायनरीच्या जमिनींच्या व्यवहारांवर ते लिहायचे, आणि ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याच्याबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. ते वर्तमानपत्राचे पत्रकार होते, म्हणजे वर मृणालताईंनी सांगितलेल्या व्याख्येत बसणारे. तरी जीव गेला.

छत्तीसगडचे मुकेश चंद्राकर यूट्यूबवर 'बस्तर जंक्शन' चालवायचे. २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातल्या सीआरपीएफ जवानाला सोडवून आणायला जे गेले त्यांत ते होते. बिजापूरमधल्या रस्त्याच्या कामाची बातमी बाहेर आली आणि जानेवारी २०२५ मध्ये ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. मारणाऱ्याने काही ओळखपत्र पाहिलं नव्हतं. त्याला तो माणूस पत्रकार आहे हे पक्कं माहीत होतं.

संघटना काढताय तर एवढं करा. कोणी धमकीच्या भीतीत असेल तर त्याची बातमी सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या जागी प्रसिद्ध करायची. एकाला गप्प करून काही साधत नाही हे समोरच्याला कळलं पाहिजे. कागदांची प्रत दुसऱ्या तालुक्यातल्या सदस्याकडे ठेवायची. या गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाही.

तालुकावार्ता

कोकणकडा, हे आमच्या मसुद्यात नव्हतं. आजच घेतो.

खडूफळा

मी सरकारी शाळेत आहे आणि टोपणनावाने शिक्षण खात्याबद्दल ब्लॉग लिहिते. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, त्यामुळे नाव उघड केलं तर नोकरीवर येईल. तुमच्या आचारसंहितेत 'खरं नाव आणि पत्ता जाहीर करावा' असं कलम आलं की माझ्यासारख्या बाहेर. आणि बाईने राजकारणावर नावानिशी लिहिलं की खाली काय प्रतिक्रिया येतात ते इथल्या ताईंना वेगळं सांगायला नको. शाळेतून घरी येईपर्यंत मुलीच्या फोटोपर्यंत गोष्ट गेलेली असते.

अ‍ॅड. मृणाल

खडूफळाताई, तुमची अडचण खरी आहे. वाट निघू शकते. नाव संघटनेच्या दोन विश्वासू सदस्यांकडे नोंदलेलं असावं, वाचकांपुढे टोपणनाव चालेल. पण तक्रार स्वीकारायला जाहीर पत्ता हवाच, तो संघटनेचा ठेवा. ज्याच्यावर लिहिलं जातं त्यालाही दाद मागायला दार लागतं.

जुनी शाई

टोपणनावाला माझा विरोध राहील. आरोप नावानिशी करायचे आणि करणाऱ्याने बुरख्यात राहायचं, हे मला मान्य नाही. ताईंनी खात्याच्या धोरणावर जरूर लिहावं, पण व्यक्तीवर आरोप असेल तर ती बातमी नावाने लिहिणाऱ्या सदस्याकडे द्यावी.

खडूफळा

हे चालेल मला.

लेस्टरवासी

ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांनी लोकांचे फोन हॅक केल्याचं उघड झाल्यावर लेव्हसन चौकशी झाली. तिच्या २०१२ च्या अहवालानंतर वृत्तपत्रांच्या नियामकाला मान्यता देणारं मंडळ सनदेने उभं राहिलं, त्यात सरकार किंवा संपादक बसत नाहीत. २०१६ मध्ये 'इम्प्रेस' या संस्थेला ती मान्यता मिळाली. मोठी वृत्तपत्रं तिच्यात गेली नाहीत, पण गल्लीबोळातली स्थानिक संकेतस्थळं बरीच गेली. आमच्या भागातलं छोटं पोर्टल पानाच्या तळाशी तिचं चिन्ह लावतं आणि तक्रार कुठे करायची ते लिहितं. वाचक म्हणून मला त्याचा आधार वाटतो.

बांधावरचा

पैशाचं कोणीच बोलेना. उत्तर प्रदेश सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये धोरण आणलं, सरकारी योजनांचा प्रचार करणाऱ्या यूट्यूबवाल्यांना महिन्याला ८ लाखांपर्यंत देण्याची तरतूद. मान्यतेची यादी एकदा तयार झाली की जाहिरातीची यादी त्याच फाइलमधून निघते. आणि छापीलच्या तालुका बातमीदाराला आजही जाहिराती गोळा कराव्या लागतात, ज्या कारखान्याची जाहिरात त्याचीच बातमी. आपण तोच बैल नव्या गाडीला जुंपणार का?

तालुकावार्ता

म्हणून मसुद्यात असं लिहिलंय: कोणत्याही पक्षाचा, नेत्याचा किंवा ठेकेदाराचा पैसा, शुभेच्छा जाहिरात धरून, ज्या महिन्यात आला त्याच महिन्यात रकमेसह ब्लॉगवर जाहीर करायचा. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकालापर्यंत राजकीय जाहिरात घ्यायचीच नाही. यावर आमच्यातच जोरदार भांडण आहे, कारण काहींचं वर्षाचं घर त्याच जाहिरातींवर चालतं.

विदावेडी

त्यांना सरसकट बंदी घालू नका, जाहीर करायची सक्ती ठेवा. पैसा कोणाकडून येतो हे दिसलं की वाचक त्या हिशेबाने वाचेल.

बांधावरचा

मी बंदीच्या बाजूने. निवडणुकीच्या महिन्यात तरी.

जुनी शाई

मूळ प्रश्नावर येतो. अधिस्वीकृती आत्ता मागू नका. ती मिळाली की एसटीची सवलत आणि मंत्रालयाचा पास मिळतो, तुमच्या कामाला यातलं काही लागत नाही. तुम्हाला मतमोजणी केंद्र, जिल्हा परिषदेची सभा आणि जिल्हाधिकाऱ्यांची पत्रकार परिषद हवी आहे. तेवढ्यासाठी एडिसनकरांनी सांगितलं तसं संघटनेच्या नावाने दोन जागा मागा. अर्जासोबत आचारसंहिता आणि वर्षभरात आलेल्या तक्रारींची, केलेल्या दुरुस्त्यांची यादी जोडा. अशी यादी आजवर कोणत्याही साप्ताहिकाने जोडलेली मी पाहिली नाही. नाकारायचं तर अधिकाऱ्याला लेखी कारण द्यावं लागेल.

एक कलम माझ्याकडून घाला. ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तराला पूर्ण दोन दिवस द्यायचे. रात्री दहाला फोन करून सकाळी 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहायचं नाही.

कोकणकडा

दोन दिवसांत पुरावा नाहीसा होतो, साहेब. रात्रीत वाळूचे ढीग उचलले जातात.

जुनी शाई

ढिगाचे फोटो लगेच टाका, त्याला माझी हरकत नाही. ढीग कोणाचा ते नाव दोन दिवसांनी.

अ‍ॅड. मृणाल

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला उभा राहिला तर ही दोन दिवसांची नोंद तुमच्या कामी येईल. प्रश्न पाठवल्याची तारीख-वेळ जपून ठेवा, शक्यतो ईमेलने पाठवा.

तालुकावार्ता

घेतलं. आता एकच अडलंय. ब्लॉगवरची चूक दुरुस्त केली की खाली 'दुरुस्ती' म्हणून तारीख टाकतो. पण यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ बदलता येत नाही. काढून नवा टाकला तर जुन्यावरची चर्चा जाते आणि लपवाछपवी केल्यासारखं दिसतं. तुम्ही काय केलं असतं?

निळी दौत

व्हिडिओ ठेवा, चुकीचा भाग यूट्यूबच्याच एडिटरने कापा, वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये काय कापलं आणि का, ते लिहा.

विदावेडी

पण तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर डाउनलोड होऊन फिरत असतो, त्याचं काय? दुरुस्तीचा वेगळा छोटा व्हिडिओ करून त्याच गटांत टाकायची जबाबदारीही सदस्यावर ठेवा. मसुदा इथेच चिकटवा, कलमवार बोलू.